पिल्लाचं आतडं आणि ब्युटिरेट: पहिली बॅच घेणाऱ्यांसाठी

मुंबईत राहून कोंबड्या पाळायला निघालेले बहुतेक जण छोट्या प्रमाणावर सुरुवात करतात. कुणी वसई-विरारच्या वाडीत शंभर पिल्लं ठेवतो, कुणी कर्जतला मित्राच्या जागेत शेड टाकतो, कुणी पनवेलच्या पलीकडे घरच्यांच्या मदतीने गावठी कोंबड्या सांभाळतो. खाद्याच्या दुकानात गेलं की या सगळ्यांसमोर एकच रांग मांडली जाते: लिव्हर टॉनिक, प्रोबायोटिक, अ‍ॅसिडिफायर आणि आता हटकून ब्युटिरेट. दुकानदार सांगतो, "याने पोट चांगलं राहतं, इम्युनिटी वाढते." त्याचं म्हणणं खोटं नाही, पण एवढ्यावर पैसे खर्च करू नयेत.

ब्युटिरेट म्हणजे आतड्यातले जिवाणू बनवतात ते एक छोटं आम्ल. मला हा पदार्थ महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरून आणलेलं औषध नाही. धडधाकट कोंबडीच्या पोटात तो रोज तयार होतो. पिल्लाच्या पोटात मात्र सुरुवातीचे काही दिवस तो जवळजवळ नसतो, आणि नेमके तेच दिवस सर्वात नाजूक असतात. हे नीट कळलं की ब्युटिरेटची पिशवी कधी घ्यायची, कुठली घ्यायची आणि कधी अजिबात घ्यायची नाही, याची उत्तरं आपोआप मिळतात.

पहिली पायरी: आतडं डोळ्यांनी पाहा

आपल्या गल्लीतल्या चिकनवाल्याला सांगून एका ब्रॉयलरचं सगळं आतडं वेगळं ठेवायला लावा. तो ते टाकूनच देत असतो, त्यामुळे नाही म्हणणार नाही. घरी ट्रेमध्ये वर्तमानपत्रावर पसरा, हातमोजे घाला आणि वरून खाली जात राहा.

गळ्याजवळ दाण्याची पिशवी असते. पुढे आम्ल सोडणारं जठर आणि त्याला लागून पेटा, म्हणजे कलेजी-पेट्यातला तो पेटा. मग लांबलचक लहान आतडं. ते संपतं तिथे दोन्ही बाजूंना दोन बंद तोंडाच्या, गडद रंगाच्या नळ्या दिसतील. यांना सीका म्हणतात. मोठ्या पक्ष्यात एकेक साधारण वीतभर लांब असते. आत घट्ट तपकिरी माल भरलेला असतो आणि वास उग्र येतो. तिथे हवा नसते. लहान आतड्यात न पचलेला तंतुमय भाग तिथे पोहोचतो, जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून तीन छोटी आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेटच्या रेणूत फक्त चार कार्बन असतात. खवट झालेल्या लोण्याला जो वास येतो, तो याच आम्लाचा.

सीकाच्या मुळाशी भिंत जराशी जाड लागते. तिथे सीकल टॉन्सिल असतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा साठा. कोंबडीला आपल्यासारख्या लसिका ग्रंथी नसतात, म्हणून तिची बरीचशी राखणदारी आतड्याच्या भिंतीतूनच चालते. शेवटी, विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला एक गोल पिशवी असते, बर्सा. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी इथे घडतात. बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या शरीरात अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं. बी-पेशींमधला 'बी' या बर्साचाच आहे, माणसाच्या रक्तातल्या बी-पेशींनाही हेच नाव मिळालं. गंबोरो हा रोग याच पिशवीवर हल्ला करतो. म्हणून गंबोरो होऊन गेलेली बॅच पुढे इतर आजारांना सहज बळी पडते.

चिकनवाल्याकडे बर्सा बऱ्याचदा कापून गेलेली असते. दिसली नाही तर सोडून द्या, सीका मात्र नीट पाहा.

दुसरी पायरी: ब्युटिरेट तिथे करतं काय, हे समजून घ्या

पहिलं काम इंधनाचं. आतड्याच्या आतल्या पेशी सतत झिजतात आणि नव्या येतात. त्यांना लागणारी ऊर्जा त्या ब्युटिरेटमधून थेट घेतात. आतल्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. ते जितके उंच आणि निरोगी, तितकं अन्न शोषलं जाण्याचं क्षेत्रफळ जास्त.

दुसरं काम भिंत घट्ट ठेवण्याचं. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या कड्यांनी एकमेकींना धरून असतात. या कड्या सैल झाल्या की जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. ब्युटिरेट या कड्यांची प्रथिनं आणि वरचा श्लेष्माचा थर टिकवायला मदत करतं.

तिसरं काम मला सर्वात मोलाचं वाटतं. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एक एन्झाइम ही गुंडाळी घट्ट आवळत राहतं. ब्युटिरेट त्या एन्झाइमला अडवतं. गुंडाळी सैल होते आणि काही जीन्स कामाला लागतात. त्यात डिफेन्सिन आणि कॅथेलिसिडिन या जिवाणूनाशक छोट्या प्रथिनांचे जीन्स येतात. कोंबडीसाठी याला विशेष अर्थ आहे. तिच्या रक्तातल्या हेटेरोफिल पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम नसतं. आपल्या पांढऱ्या पेशी ब्लीचसारखं रसायन बनवून जंतू मारतात ते या एन्झाइमच्या जोरावर, आणि तो मार्ग कोंबडीला बंद आहे. त्यामुळे तिचा भर या छोट्या प्रथिनांवर असतो. ब्युटिरेट ती वाढवतं आणि त्याच वेळी सूज आणणारे संदेश खाली ठेवतं. एरवी प्रतिकारशक्ती जागी झाली की ताप येतो, पक्षी खाणं सोडतो, वजन थांबतं. इथे दाह न वाढता राखण वाढते, आणि मांसासाठी पक्षी वाढवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

साल्मोनेला या रोगकारक जिवाणूवर याचा वेगळा परिणाम होतो. आतड्याच्या पेशीत घुसण्यासाठी या जिवाणूला काही जीन्स लागतात. ब्युटिरेट असलं की ते जीन्स मंदावतात. साल्मोनेला मरतोच असं नाही, पण आत शिरण्याची त्याची क्षमता कमी होते. हा जिवाणू अंड्यांतून माणसांपर्यंत पोहोचतो, म्हणून अंडी विकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरी पायरी: पहिले चौदा दिवस ओळखा

हॅचरीतून आलेल्या पिल्लाच्या सीका जवळजवळ रिकाम्या असतात. गावठी कोंबडीच्या पंखाखाली वाढणारं पिल्लू आईच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जिवाणू मिळवतं. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. फिनलंडमधल्या नुर्मी आणि रँटाला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला माल पिल्लांना दिला, तर साल्मोनेला त्यांच्या पोटात सहज ठाण मांडू शकत नाही. आजची प्रोबायोटिकची बरीच कल्पना त्या कामातून आली.

ब्युटिरेट बनवणारे जिवाणू हवेत जगत नाहीत, म्हणून ते सर्वात शेवटी वस्तीला येतात. आधी इतर जिवाणू येऊन जागा तयार करतात आणि मग हे वाढतात. सीकातलं ब्युटिरेट चांगल्या पातळीवर यायला साधारण दोन आठवडे जातात. आईकडून बलकातून मिळालेल्या अँटिबॉडीही याच काळात उतरत असतात. दोन्ही आधार एकदम कमी असलेले हे दिवस. बाहेरून ब्युटिरेट द्यायचंच असेल, तर माझ्या मते ते इथे द्यावं. पैसे मोजकेच असतील, तर फक्त इथेच द्यावं.

अनेक ठिकाणी पिल्लं आली की पहिल्या पाण्यातच अँटिबायोटिक टाकतात. रोग नसताना हे करू नका. जे जिवाणू वस्तीला यायला हवेत, तेच यात मारले जातात. युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. आपल्याकडे कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. जुन्या डब्यावर हे नाव दिसलं तर तो डबा घेऊ नका.

चौथी पायरी: आधी शेड सुधारा

पिशवी विकत घेण्याआधी ही पायरी पूर्ण करा. कोकणपट्टीच्या हवेत हिच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं.

शेडच्या जमिनीवर तुसाचा दोन-तीन इंच थर टाका, याला लिटर म्हणतात. रोज मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं आहे. जून ते सप्टेंबर ही परीक्षा सकाळ-संध्याकाळ घ्या. ओल्या, उबदार लिटरमध्ये कॉक्सी या आतड्यातल्या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. कॉक्सी आतड्याची भिंत फोडतो, त्या जखमांतून प्रथिनं झिरपतात आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स हा जिवाणू वाढतो. मग नेक्रोटिक एन्टरायटिस हा आतडं सडवणारा रोग होतो आणि पक्षी भराभर मरतात. ड्रिंकरखालचं, म्हणजे पाण्याच्या भांड्याखालचं, ओलं लिटर रोज काढून टाका.

ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान ठेवा आणि दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये प्रश्न उलटा असतो. दमट उकाड्यात कोंबडी धापा टाकते, रक्त त्वचेकडे वळतं, आतड्याला ते कमी पडतं आणि मघाच्या त्या कड्या सैल होतात. म्हणून वाढलेल्या पक्ष्यांना ब्युटिरेट द्यायचं असेल, तर उकाड्याचे आठवडे मी निवडेन. अर्थात पंखा, सावली आणि थंड पाणी आधी.

खाद्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबईच्या आसपास दोन गोष्टी फार सहज मिळतात आणि दोन्ही आतड्याला त्रास देतात. पहिली म्हणजे सुकटीचा, सुक्या मासळीचा चुरा. वर्सोव्यापासून उत्तनपर्यंत तो मिळतो, प्रथिनं भरपूर असतात, स्वस्तही वाटतो. पण त्यात मीठ किती आहे हे कळत नाही, नीट न वाळलेल्या मालात साल्मोनेला असू शकतो, आणि मासळीची प्रथिनं जास्त झाली की न पचलेला भाग खाली जाऊन क्लॉस्ट्रिडियमचं खाद्य होतो. नेक्रोटिक एन्टरायटिस बोलावणाऱ्या कारणांत फिशमीलचं नाव नेहमी येतं. एकीकडे सुकट ओतायची आणि दुसरीकडे आतड्यासाठी ब्युटिरेट द्यायचं, यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बेकरीतला उरलेला पाव. पावसाळ्यात त्याला एका रात्रीत बुरशी येते. बुरशीचं विष यकृत आणि प्रतिकारशक्ती दोन्ही खालावतं. मक्याचंही तेच: काळसर, कुबट वासाचा मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

याउलट गव्हाचा कोंडा थोड्या प्रमाणात उपयोगी पडतो. त्यातला तंतू सीकापर्यंत पोहोचतो आणि तिथले जिवाणू स्वतःच ब्युटिरेट बनवतात. मोठ्या गावठी पक्ष्यांसाठी मला हा मार्ग पिशवीपेक्षा चांगला वाटतो. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात मात्र आपल्या मनाने कोंडा मिसळू नका, त्याचं प्रथिन-ऊर्जेचं गणित बिघडतं.

पाचवी पायरी: पिशवीवरचं लेबल वाचा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

साधं सोडियम किंवा कॅल्शियम ब्युटिरेट: पाण्यात विरघळतं, वास तीव्र. हे बहुतेक दाण्याच्या पिशवीत आणि जठरातच शोषलं जातं. वरच्या भागातल्या जंतूंवर त्याचा उपयोग होतो, पण खालपर्यंत फार थोडं पोहोचतं.

कोटेड: दाण्यांवर वनस्पती-तेलाच्या घट्ट चरबीचा थर. चरबी पचते तसतसं ब्युटिरेट लहान आतड्यात हळूहळू सुटतं. वास कमी येतो.

ट्रायब्युटिरिन: ग्लिसरॉलला जोडलेले ब्युटिरिक आम्लाचे तीन रेणू. लायपेज एन्झाइम लहान आतड्यात ते सोडवतं. वासही फारसा नसतो.

पहिल्या बॅचसाठी मी कोटेड किंवा ट्रायब्युटिरिन सुचवतो, कारण माल हवा तिथे पोहोचायला हवा.

आता गणित. पिशवीची किंमत किलोमागे विचारू नका, प्रत्यक्ष ब्युटिरिक आम्लामागे काढा. सोडियम ब्युटिरेटच्या वजनात सुमारे ८० टक्के ब्युटिरिक आम्ल येतं, ट्रायब्युटिरिनमधून सुमारे ८७ टक्के. समजा कोटेड पिशवीवर '३० टक्के सोडियम ब्युटिरेट' लिहिलंय आणि मात्रा टनभर खाद्याला ५०० ग्रॅम आहे. म्हणजे टनात १५० ग्रॅम सोडियम ब्युटिरेट, त्यातून सुमारे १२० ग्रॅम आम्ल. दुसऱ्या कंपनीचा ९० टक्क्यांचा अनकोटेड माल तेवढ्याच मात्रेत सुमारे ३६० ग्रॅम देतो. आकडा तिप्पट, तरी खालच्या आतड्यात जास्त पोहोचेलच असं नाही. लेबलवर टक्केवारीच नसेल तर ती पिशवी परत ठेवा.

सोडियमचाही हिशेब ठेवा. टनाला एक किलो शुद्ध सोडियम ब्युटिरेट म्हणजे सुमारे अर्धा किलो मिठाइतकं सोडियम. कोटेड मालाच्या कमी मात्रेत ते नगण्य असतं. पण खाद्यात मीठ आधीच जास्त असेल तर पक्षी पाणी जास्त पितात आणि लिटर ओलं होतं.

सहावी पायरी: मिसळणं

१०० ब्रॉयलर पिल्लं पहिल्या चौदा दिवसांत मिळून साधारण ५० किलोची एक गोणी संपवतात. टनाला ५०० ग्रॅम या मात्रेने त्या गोणीला फक्त २५ ग्रॅम लागतात. एवढंसं थेट गोणीत टाकून हलवलं तर एका पिल्लाला भरपूर आणि दहांना काहीच नाही, असं होतं. म्हणून टप्प्याने मिसळा. २५ ग्रॅम वजनकाट्यावर मोजा. आधी अर्धा किलो खाद्यात एकजीव करा. ते पाच किलोत मिसळा. मग ताडपत्रीवर उरलेलं खाद्य पसरून त्यात घाला आणि फावड्याने कडेकडून मधे चार-पाच वेळा पालटा. कंपनीने सांगितलेली मात्रा वेगळी असेल तर तीच धरा.

हे फक्त मॅश, म्हणजे भरड भुकटीच्या खाद्याला लागू आहे. क्रम्बल किंवा पेलेट, म्हणजे दाबून केलेलं दाणेदार खाद्य घेत असाल तर भुकटी दाण्यांना चिकटत नाही, तळाशी जाऊन बसते. अशा वेळी गिरणीवाल्याला विचारा: खाद्यात ब्युटिरेट आधीच आहे का, किती आणि कुठल्या स्वरूपात? अनेक तयार खाद्यांत ते असतं, आणि तुम्ही दुसऱ्यांदा पैसे देत असता.

पाण्यातून द्यायची द्रव उत्पादनंही मिळतात. वासामुळे पिल्लं पाणी कमी पीत नाहीत ना, हे पहिल्याच दिवशी मोजून पाहा. लासोटा (मानमोडीची लस) किंवा गंबोरोची जिवंत लस पाण्यातून देणार असाल, तर त्या दिवशी आणि त्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी पाण्यात कुठलंही आम्ल टाकू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानेही लसीतला विषाणू मरतो. लसीच्या प्रत्येक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळा.

सातवी पायरी: विष्ठा, वजन आणि वही

नव्या माणसाला एक गोष्ट हमखास घाबरवते. नेहमीच्या घट्ट, पांढऱ्या टोकाच्या विष्ठेमध्ये अधूनमधून तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा दिसते. ती हगवण नसते. सीका रिकाम्या होतात तेव्हा अशी विष्ठा पडते. ती दिसणं म्हणजे ब्युटिरेट बनण्याची जागा चालू आहे. काळजी वाटायला हवी ती फेसाळ, पिवळी, पाण्यासारखी किंवा रक्ताची विष्ठा दिसली तर. रक्त दिसलं की कॉक्सी समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. ब्युटिरेटने कॉक्सी, मानमोडी किंवा गंबोरो बरा होत नाही, आणि लसीची जागाही ते घेत नाही. मेलेला ताजा पक्षी बर्फाच्या डब्यात ठेवून शवविच्छेदनाला न्या. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे, तिथे चौकशी करा, किंवा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अचानक बरेच पक्षी मेले तर मात्र एकही पक्षी हलवू नका, आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा.

उपयोग होतोय का, हे ठरवायला शेडच्या मधोमध जाळी लावा. अर्ध्या पिल्लांना ब्युटिरेट द्या, अर्ध्यांना नको. पिल्लं, खाद्य, लिटर, ड्रिंकर सगळं सारखं. ७, १४, २१ आणि विक्रीच्या दिवशी दोन्हीकडची किमान २० पिल्लं तोला, खाल्लेलं खाद्य आणि मर वहीत लिहा. एकूण खाद्य भागिले एकूण वजन म्हणजे एफसीआर.

वजनातला फरक प्रत्येक वेळी दिसत नाही. संशोधनातही निकाल एकसारखे आलेले नाहीत. स्वच्छ, कोरड्या, कमी गर्दीच्या शेडमध्ये फरक बहुधा कमी दिसतो. रोगाचा ताण, बदललेलं खाद्य किंवा उकाडा असेल तिथे जास्त दिसण्याची शक्यता असते. म्हणून एक चाचणी हिवाळ्यात आणि एक पावसाळ्यात घ्या. दोन्ही वेळा जाळीच्या दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या, तर ब्युटिरेट बंद करा आणि ते पैसे तुसाच्या जादा गोण्यांवर किंवा एका पंख्यावर घाला.

उरलेली पिशवी घट्ट बांधून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, पत्र्याच्या छताखाली नको. तिथल्या उन्हाने कोटिंगची चरबी मऊ होते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या बॅचला पुन्हा २५ ग्रॅम मोजायला गेलात तर हाती ढेकळं येतात.